मठार

तांबट लेनमध्ये पोस्टमन येतो तेव्हा
ठोके थांबत नाहीत, म्हणून तो सही खुणेनं मागतो.
दिगंबरनं पाकीट पत्रा कापायच्या कात्रीनं उघडलं.
आत इंग्रजी. मग ते माझ्याकडे आलं,
कारण मी प्रेसमधून रिटायर झालेला,
आणि नकलेतलं मला कळतं असा गल्लीचा समज.

खोटा नाही.
एकतीस वर्षं नाशिकरोडला भिंगाखाली
जागा सोडणारी एक रेघ शोधत बसलो.
सापडली की अख्खा ताव रद्द,
मोजून, सही करून, भट्टीत.
तिथे सारखेपणा हाच धर्म होता
आणि तो गेटबाहेर नेणं हा गुन्हा.
जाताना जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवायचो.

नोटिशीत एका बाटलीचा फोटो होता.
तांब्याची, अंगभर मठारलेली.
खाली लिहिलं होतं, हे ठोके आमचे.
शब्द वेगळे होते, लांबलचक होते, अर्थ हाच.
नोंदणी तीन वर्षांपूर्वीची, पत्ता गुडगावचा.

"ठोके कुणाचे रे?" मी विचारलं.
तो हसला नाही. हातोडी पालथी केली.
दांडा बापाचा, तोंड त्यानं स्वतः घासून गुळगुळीत केलेलं.
बाप शिकला समोरच्या दुकानातल्या म्हाताऱ्याकडे.
शिकला म्हणजे, त्यानं शिकवलं नाही;
फळीच्या फटीतून दोन उन्हाळे बघितलं
आणि घरी फुटक्या परातीवर हात बसवला.
"म्हाताऱ्याला ठाऊक होतं," दिगंबर म्हणाला,
"शेवटी शेवटी तो फटीकडे वळून बसायचा."

मग आवाज खाली आणला.
"झाकण मात्र त्यांचंच आहे, काका.
गिऱ्हाइकानं मोबाइलात फोटो आणला होता,
बघून केलं."

हे उत्तरात लिहायचं की नाही
यात माझे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी, गुडघा नको म्हणत असताना,
पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढलो.
भिंतीवर लेख आहेत.
कोणी दान दिलं, किती दिलं,
जमीन कुठली, व्याज कशासाठी,
सगळं कोरलंय पक्क्या पावतीसारखं.
छिन्नी कुणाच्या हातात होती, ते नाही.
घरी येऊन कुमुदचा हंडा उजेडात धरला,
लग्नात मामानं दिलेला.
ठिपक्याठिपक्यांनी मामाचं नाव, तिचं नाव, तारीख.
घडवणाऱ्यानंच बसून ठोकली असतील ती दोन नावं,
तिसरं त्याला सुचलंही नसेल.
किंवा सुचलं असेल.
हंड्यावर जागा पुष्कळ आहे.

उत्तर लिहिलं.
झाकणाचं कबूल केलं, बदलू म्हटलं.
ठोक्यांबद्दल एवढंच, की एका बाटलीवर
अकराशे बारा बसतात, आम्ही मोजले;
त्यातले दोन जरी एकमेकांसारखे निघाले
तर दुकानाला कुलूप लावू.
(आयुष्यभर जे भट्टीत घातलं
त्याच्याच बाजूनं मी साक्ष देत होतो,
हे लिहिताना लक्षात आलं, आणि पेन थोडं थांबलं.)

"हात जुना असतो काका, ठोका दर खेपेला पहिलाच."
हे वाक्य दिगंबरचं, चहा बशीत ओतताना बोललेलं.
वकिलानं ते खोडलं, कायद्यात बसत नाही म्हणाला.
मी ते इथे ठेवलंय.
न विचारता.

रजिस्टरची पोच आली, सही वाचता येत नाही.
पुढे काय होईल, कुणाला माहीत.

काल हे सगळं त्याला दुकानात वाचून दाखवलं.
शेजारचे ठोके चालू होते, निम्मं ऐकू गेलं नसेल.
"छापलं तर वर नाव कुणाचं?"
एवढंच विचारलं त्यानं.
मी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली.
तो वाट बघत बसला नाही.
नवा तांब्या खरवईवर चढवला
आणि किंचित माझ्याकडे
वळून बसला.